शारजाची ऑफर, विट्यातला पासपोर्ट: एका गलाई कारागिराच्या वर्क परमिटचं प्रकरण

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात माझं फॉर्म भरून देण्याचं केंद्र आहे. पासपोर्ट, पॅन, शिष्यवृत्त्या, सातबारा, जे येईल ते. परदेशी नोकरीचा सल्ला देणं हा काही माझा धंदा नाही. पण पासपोर्टचा फॉर्म भरता भरता लोक पुढचं सगळं सांगतात आणि मग त्यात गुंतायला होतं. हे प्रकरण २०२४ सालचं. मुलाचं नाव बदललं आहे, गाव सांगत नाही. त्याला इथे सागर म्हणू. त्याच्या परवानगीनं लिहितोय. त्यात माझीही एक चूक आहे, ती पुढे येईलच.

पार्श्वभूमी

खानापूर-आटपाडी भागात गलाईवाला नाही असं गाव सापडणं अवघड. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलं ते अलीकडे. त्याआधीच्या दुष्काळात माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली. सराफांकडची मोड आणि कामाच्या जागची झाडलोट घ्यायची, मुशीत वितळवायची, सोन्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून नायट्रिक ॲसिडमध्ये टाकायची. चांदी आणि तांबं विरघळतं, सोनं तळाला राहतं. मग टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढायचा. सांगायला सोपं आहे, पण भट्टीचा रंग बघून माल कुठवर आलाय हे ओळखायला पाचसहा वर्षं जातात.

सागर दहावी झाला आणि दोन वर्षांनी चुलत्यांच्या, म्हणजे आप्पांच्या दुकानावर केरळात त्रिशूरला गेला. २०२४ मध्ये तो २७ वर्षांचा होता. जेवणखाण आप्पांकडे आणि महिन्याला २२ हजार. तिथल्याच एका दागिने व्यापाऱ्याच्या नातेवाइकाची शारजात छोटी रिफायनरी होती. त्यांचा मॅनेजर सुट्टीवर आला असताना दोन दिवस आप्पांच्या दुकानात बसून सागरचं काम बघून गेला. जूनमध्ये व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली: कंपनीचं लेटरहेड, २,४०० दिरहम महिना, राहण्याची सोय कंपनीची. दिरहमचा भाव तेव्हा २३ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ५५ हजार रुपये. घरात पेढे वाटून झाले.

अडचण

आषाढी एकादशीच्या आठवड्यात सागर आणि त्याचे वडील माझ्याकडे आले. बरोबर तिसरा माणूस नव्हता, पण फोनवर होता. शेजारच्या तालुक्यातला एजंट. त्याचं म्हणणं असं: एक लाख साठ हजार द्या, व्हिजिट व्हिसावर आठ दिवसांत पाठवतो, वर्क परमिट तिथं गेल्यावर बदलून मिळतं.

"सर, ऑफर तर हातात हाय. मग बदलायला काय अडचण?" वडिलांचा प्रश्न अगदी रास्त होता.

अडचण अशी की त्यांच्या हातात परवाना नव्हता, नुसतं पत्र होतं. शारजा ज्या देशात येतं त्या यूएईत परदेशी माणसाला कामावर ठेवायचं तर परवाना मालकानं काढायचा असतो, कामगारानं नव्हे. आधी तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या, ज्याला तिकडे सगळे मोहरे म्हणतात, ठरलेल्या नमुन्यात ऑफर निघते. त्यावर व्यवहार क्रमांक असतो. ती कामगाराच्या भाषेतही मिळू शकते. मराठी नाही, पण हिंदी आहे. कामगारानं सही केली की परमिटला मंजुरी, मग नोकरीचा एंट्री परमिट, तिथं उतरल्यावर वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडी हे तिथलं ओळखपत्र आणि रहिवासी व्हिसा. लेटरहेडवरची पीडीएफ या साखळीत कुठेच येत नाही. कंपनीला ती उद्या नाकारता येते.

एजंट खोटं बोलत होता का? पूर्ण नाही, आणि तिथंच लोक फसतात. व्हिजिट व्हिसावर गेलेल्या माणसाचा दर्जा देशाबाहेर न जाता नोकरीत बदलता येतो, हे खरं. पण मालकानं परमिट काढलं तरच. तोवर काम करणं बेकायदा. मुदत संपली की दिवसाला ५० दिरहम दंड चढत राहतो आणि मालकाला घाई कसलीच नसते, कारण भट्टी चालूच असते.

दुसरी अडचण मी पासपोर्ट उघडला तेव्हा दिसली. पत्ता असतो त्या पानावर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', म्हणजे ईसीआर, छापलेलं. सागरला ते आठ वर्षांत कधी दिसलंच नव्हतं.

ईसीआरबद्दल थोडं सांगावं लागेल. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार, दहावी पास नसलेल्या आणि इतर सवलतीत न बसणाऱ्या माणसाला यूएई, सौदी, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया अशा ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. सागर दहावी पास होता. पण २०१६ साली पासपोर्ट काढताना आप्पांच्या ओळखीच्या कुणीतरी फॉर्म भरला, दहावीचं प्रमाणपत्र जोडलंच नाही, आणि पुस्तक ईसीआर होऊन आलं. हे आमच्याकडे इतकं सर्रास घडतं की मी आता पासपोर्ट हातात आला की नाव वाचायच्या आधी ते पान बघतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय एजंटचा. ईसीआर पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा घेऊन फिरायला जाता येतं, पण मुंबईच्या विमानतळावर २७ वर्षांचा, हातावर ॲसिडचे डाग असलेला, एकटा मुलगा 'फिरायला चाललोय' म्हणाला तर अधिकारी चार प्रश्न जास्त विचारणार. परत पाठवला तर एक लाख साठ हजार गेले. त्यातून निसटला तर पुढचं वर सांगितलंच.

दुसरा पर्याय ईसीआर तसंच ठेवून सरळ मार्गानं जायचं. नोकरीचा व्हिसा आणि करार घेऊन सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर ती मंजुरी काढायची. सरकारी शुल्क २०० रुपये, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा सक्तीचा, अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वासाठी १० लाखांचा. मला मनातून हाच मार्ग पसंत होता. ईसीआर म्हणजे अशिक्षितपणाचा शिक्का अशी लोकांची समजूत. खरं तर ती राखण आहे. करार कुणीतरी वाचतो, मालक कोण ते नोंदलं जातं. पण त्यासाठी मालकानं पोर्टलवर नोंदणी करायला हवी, नाहीतर परवानाधारक भरती एजंटमार्फत यायला हवं. अशा एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात, तेही पावती देऊन. (एक लाख साठ हजारवाल्याला मी परवाना क्रमांक विचारला, तेव्हा त्याचं नेटवर्क गेलं.) सागरनं मॅनेजरला विचारलं. उत्तर आलं की एका माणसासाठी कंपनी एवढी नोंदणी करणार नाही.

तिसरा पर्याय पासपोर्टमधून ईसीआर काढून घ्यायचं. दहावीचं प्रमाणपत्र आहेच. तसाही पासपोर्ट जून २०२६ मध्ये संपणार होता आणि करार २ वर्षांचा, म्हणजे मध्येच तो बदलावा लागला असता. आता नवं पुस्तक काढलं तर मंजुरीची गरज उरत नाही. पण विम्याची सक्ती संपते आणि करार तपासणारं आपल्या बाजूचं कुणी राहत नाही. तो आपणच वाचायचा.

चौथा पर्याय सागरच्या आईनं मांडला: "त्रिशूरात काय कमी हाय?" त्यावर कुणी काही बोललं नाही. पण तो पर्याय होता, आणि पुढे घासाघीस करताना त्याचाच उपयोग झाला.

एक गोष्ट निर्णयाच्या आड येत होती. गावातल्या एका मुलानं आदल्या वर्षी असंच व्हिजिट व्हिसावर जाऊन काम धरलं होतं आणि तो पैसे पाठवत होता. घरच्यांना तो जिवंत पुरावा वाटायचा. मी म्हटलं, महिनाभर थांबू, कंपनी काय करते ते बघू.

काय केलं, आणि कुठे चुकलं

तिसरा पर्याय ठरला. एजंटला नाही म्हणण्याचं काम वडिलांनी स्वतः केलं.

दहावीचं प्रमाणपत्र घरात सापडेना. शाळा सोडल्याचा दाखला होता, गुणपत्रिका होती, बोर्डाचं प्रमाणपत्र नव्हतं. शेवटी ते त्रिशूरला आप्पांच्या तिजोरीत निघालं, कधीतरी बँकेच्या खात्यासाठी नेलेलं. सापडलं नसतं तर कोल्हापूर विभागीय मंडळातून दुय्यम प्रत काढायला आणखी दिवस गेले असते. त्यावर वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टपेक्षा एका अक्षरानं वेगळं होतं. तेही त्याच अर्जात दुरुस्त करून घेतलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची तारीख मिळाली. तिथला एक प्रसंग मला सागरनं सांगितला. बोटांचे ठसे उमटेनात. चांदी विरघळलेलं ॲसिड कातडीला लागलं की डाग आधी दिसत नाही, उन्हात गेलं की काळा पडतो आणि कातडी झडेपर्यंत जात नाही. वर रोजच्या ॲसिडनं रेषाच झिजलेल्या. ठसे घेणाऱ्या बाईंनी त्याला हात धुऊन यायला सांगितलं, मग ओलं फडकं दिलं, मग स्वतःच्या पर्समधलं क्रीम लावायला दिलं. पाचव्या वेळी उजवा अंगठा उमटला. मागच्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणालं, "गलाईवाला दिसतोय." तेव्हापासून मी अशा मुलांना सांगतो, तारखेआधी पंधरा दिवस ॲसिडात हात घालू नका आणि रात्री खोबरेल लावा.

पोलीस पडताळणीत पत्त्याचा प्रश्न निघाला, कारण आठ वर्षं मुलगा केरळात. पण तोवर तो दीड महिना घरीच होता, आधार आणि मतदार यादी गावची होती, निभावलं.

आता माझी चूक. सागर पहिल्या दिवशी आला तेव्हाच मॅनेजरचा मेसेज होता, पासपोर्टची कॉपी पाठवा. मी तिथंच स्कॅन करून पाठवून दिली. जुन्या पासपोर्टची. पुढे पासपोर्ट बदलायचं ठरलं तेव्हा कंपनीला 'थांबा, नंबर बदलणार आहे' हे कळवायचं माझ्याही डोक्यात आलं नाही आणि सागरच्याही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, गणपतीच्या आदल्या दिवशी नवं पुस्तक आलं. ते पाठवल्यावर मॅनेजर चिडला. त्यानं जुन्या क्रमांकावर अर्ज आधीच टाकला होता. परमिटवरचा क्रमांक आणि हातातला पासपोर्ट जुळायलाच हवा. जुना अर्ज रद्द, नवीन अर्ज, तीन आठवडे गेले. कंपनीचा तिथला टायपिंग आणि अर्जाचा खर्चही वाया गेला, आणि मालकाच्या मनात पहिली अढी तिथं बसली. स्कॅनरवर ठेवताना दोन सेकंद विचार केला असता तर हे टळलं असतं.

पण याच सुमारास एक वेगळीच गोष्ट घडून गेली होती. सुरुवातीला मॅनेजरचाही कल 'आधी व्हिजिटवर या, मग बघू' असाच होता. एजंटला ते धागेदोरे तिथूनच मिळाले असावेत असा माझा अंदाज. ऑगस्ट २०२४ मध्ये यूएईनं कामगार कायद्यात दुरुस्ती केली. परवान्याशिवाय माणूस कामावर ठेवला तर मालकाला किमान १ लाख, कमाल १० लाख दिरहम दंड. पूर्वी ही रक्कम ५० हजार ते २ लाख होती. सप्टेंबरपासून मॅनेजरच्या तोंडी व्हिजिट हा शब्द पुन्हा आला नाही. त्याच १ सप्टेंबरपासून तिकडे मुदत उलटून राहिलेल्यांसाठी माफीची योजना सुरू झाली आणि पुढे ती वर्षाअखेरपर्यंत वाढली. गावातला तो 'जिवंत पुरावा' दसऱ्याच्या सुमारास त्या योजनेत दंड माफ करून घेऊन परत आला. त्याला वर्षभरात परमिट मिळालंच नव्हतं. त्याच्या आईनं हे सागरच्या आईला विहिरीवर सांगितलं. मी महिनाभर जे समजावत होतो, ते तिच्या चार वाक्यांत पटलं.

सप्टेंबरअखेर मोहरेच्या नमुन्यातली खरी ऑफर आली. व्यवहार क्रमांक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून बघितला, जुळला. (शारजाची ही कंपनी फ्री झोनमधली नव्हती म्हणून हे जमलं, फ्री झोनच्या कंपन्यांचे परवाने त्या त्या झोनचं प्राधिकरण देतं, त्यांची चौकशी तिथंच करावी लागते.) मग हिंदी मजकूर आम्ही ओळ न् ओळ वाचला.

मूळ पगार १,०००. भत्ते ८००. एकूण १,८००.

पद: हेल्पर.

व्हॉट्सॲपवरचे २,४०० कुठे गेले? मॅनेजर म्हणाला, "बाकीचे ओव्हरटाइममध्ये निघतात, सगळ्यांचेच निघतात." सागर सही करायला तयार होता. त्याचं म्हणणं, १,८०० म्हणजे पण ४१ हजार, २२ हजारापेक्षा बरे. माझं म्हणणं वेगळं होतं. तिकडची ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात: वर्ष पूर्ण झालं की पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार. १,००० वर ती वर्षाला ७०० दिरहम, १,४०० वर ९८०. ओव्हरटाइमचा दरही मूळ पगारावरच ठरतो. आणि पद हेल्पर असताना भट्टीवर काही झालं, तर 'तू तिथं होतासच कशाला' असं विचारायला जागा राहते. सगळ्यात मोठं म्हणजे, ही घासाघीस करायची ताकद सही करण्याआधी आपल्याकडे असते. विमानतळावर उतरल्यावर ती संपते.

फोन सागरनंच केला, मी फक्त शेजारी बसलो. आईचा चौथा पर्याय कामाला आला. "सर, त्रिशूरला माझी जागा अजून रिकामी हाय. आप्पा वाट बघत्यात." हे तो धमकी म्हणून बोलला नाही, खरंच तसं होतं, आणि म्हणूनच बहुधा पटलं. बारा दिवसांनी सुधारित ऑफर आली: मूळ १,४००, एकूण २,२००, पद फर्नेस ऑपरेटर. २,४०० झाले नाहीत. जुन्या अर्जाच्या भुर्दंडाची आठवण मॅनेजरनं त्याच फोनवर दोनदा करून दिली, हे इथे नोंदवतो.

परमिट आणि व्हिसाचे ३,००० दिरहम पगारातून हप्त्यानं कापू, असंही त्यानं तोंडी सांगितलं होतं. २०२१ च्या तिथल्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कामगारावर टाकायला मनाई आहे. ते आम्ही लेखी विचारलं. उत्तर आलं नाही. कापणार असंही पुन्हा कुणी म्हटलं नाही.

सही होईपर्यंत आणखी एक काम उरकलं. मिरजेला जाऊन छातीचा एक्स-रे आणि रक्त तपासून घेतलं. तिथं उतरल्यावर तपासणीत क्षयासारखं काही निघालं तर रहिवासी व्हिसाच अडतो, आणि ॲसिडच्या धुरात आठ वर्षं काढलेल्या माणसाची छाती आपल्या खर्चानं, आपल्या गावात बघून घेतलेली बरी. एक्स-रे स्वच्छ निघाला. आई त्या दिवशी पहिल्यांदा मोकळं बोलली.

निष्पत्ती

दिवाळीनंतर एंट्री परमिट आला. त्यावर 'एम्प्लॉयमेंट' हा शब्द, नव्या पासपोर्टचा क्रमांक आणि पद, तिन्ही सागरनं स्वतः बोट ठेवून वाचलं. आत शिरायला ६० दिवसांची मुदत होती. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान करून तो चार दिवसांनी मुंबईहून निघाला. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यानं पत्त्याचं पान उलटून बघितलं, पगार किती विचारला, शिक्का मारला. अडीच मिनिटं लागली म्हणाला. महिन्याभरात वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडी सगळं झालं.

एजंटला द्यायचे ते एक लाख साठ हजार वाचले. खर्च झाला तो पासपोर्टचे १,५०० रुपये, तपासण्या, सांगली-मिरजेच्या फेऱ्या आणि मुंबईची गाडी. पण पाच महिने गेले, आणि त्यातले साडेतीन तो घरी बिनपगारी होता. पंचाहत्तर-ऐंशी हजारांचं उत्पन्न बुडालं हेही त्याच वहीत लिहायला हवं.

सगळं गोड झालं असंही नाही. पगार बँकेत वेळेवर जमा होतो, पण पहिल्याच महिन्यात विमानाच्या तिकिटाचे ६०० दिरहम कापून आले. मी म्हटलं तक्रार कर, दुबईच्या भारतीय कॉन्सुलेटचं प्रवासी सहायता केंद्र २४ तास चालू असतं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सर, सहाशेसाठी सुरुवातीलाच नको." त्याच्या जागी मी असतो तरी बहुधा हेच म्हणालो असतो.

पुन्हा करायचं झालं तर

पासपोर्टचं पान आधी बघायचं, मगच कुणाला कॉपी पाठवायची. हा क्रम मी आता टेबलावर चिकटवून ठेवलाय.

ई-मायग्रेटचा मार्ग मी फार लवकर सोडला, असं मला आजही वाटतं. कंपनीनं एकदा नाही म्हटलं आणि आम्ही ऐकलं. परवानाधारक एजंटमार्फत त्यांची कागदपत्रं होऊ शकतात का, हे दोन ठिकाणी विचारायला हवं होतं. परदेशी कामगारांसाठीची १८०० ११ ३०९० ही मोफत हेल्पलाइन होती, तीही वापरली नाही. सागरचा स्वतंत्र अपघात विमा काढायचं तर आम्ही बोललो आणि विसरलो. तो जाऊन दोन महिने झाल्यावर आठवलं.

तिकिटाचा खर्च कुणाचा, हे ऑफरमध्ये लिहून घ्यायचं राहिलं. पगारावर इतकं लक्ष होतं की ती ओळ नाहीच, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि राहण्याची सोय म्हणजे एका खोलीत किती माणसं, हेही विचारलं नाही. सहा आहेत. त्यातले दोघे आटपाडीचे निघाले, म्हणून तक्रार नाही.

परवा सागरचा चुलतभाऊ आला होता, आप्पांचा धाकटा. त्याच्याकडे पण शारजाची ऑफर, त्याच कंपनीची. पासपोर्ट काढून माझ्यासमोर ठेवला आणि मी उघडायच्या आधीच म्हणाला, "सर, शेवटचं पान मी बघितलंय. कायबी छापलेलं न्हाई. पण तिकिटाचं कुठं लिहितात ते तेवढं दाखवा."